लाडाचे दिवस

आमचं घर आणि नानांची पिठाची गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि ती दिवसभर थरथरत असायची. भिंतीवरच्या फळीवर मायने मांडलेली पितळी भांडी एकमेकांना लागून बारीक किणकिणायची. नव्या पाहुण्याला ते विचित्र वाटे. आम्हाला मात्र वीज गेली आणि ती किणकिण थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. ज्वारी पडली की गिरणीचा आवाज जाड येतो, हरभऱ्याची डाळ टाकली की तो कर्कश होतो, गहू असला की एका सुरात चालतो. माय चुलीपुढे भाकरी थापता थापता भिंतीकडे न बघता सांगायची, आता तांदूळ पडले, आता कोणीतरी डाळ आणली. नाना, म्हणजे माझे वडील, दुपारी जेवायला आत येत ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन. भुवयांत पीठ, कानांत पीठ. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील दुपारी पांढरे होतात आणि संध्याकाळी पुन्हा सावळे. माझा मोठा भाऊ दिलीप शाळा सोडून गिरणीवर बसायला लागला होता. साक्रीपासून आत, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. आठवड्याच्या बाजाराला आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं धान्याची गाठोडी घेऊन यायची आणि आमच्या ओट्यावर रांग लागायची.

जेवण आमचं तिखट. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि ठेच्यावर शेंगदाण्याचं कच्चं तेल, एवढ्यावर आमची न्याहारी व्हायची. घरात सगळ्यांत तिखटखाऊ मी. शेवेच्या भाजीवर जो लाल तेलाचा थर येतो तो मी मुद्दाम मागून घ्यायचे, आणि नाना येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, "मनी नंदानी जीभ चामडानी शे." त्यामुळे नववीत असताना ठेच्याचा घास डाव्या बाजूला गेला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा सगळे हसले. दाढ येत असेल, माय म्हणाली. मग लवंग दाबून झाली, तुरटीच्या पाण्यानं गुळण्या झाल्या, गावातल्या डॉक्टरच्या पांढऱ्या गोळ्या झाल्या. डाव्या गालाच्या आत, हिरडीला लागून एक गाठ होती. जीभ सारखी तिकडे जायची. वर्गात गणित चाललेलं असताना मी जिभेनं ती चाचपत बसायचे, जणू तोंडात कोणीतरी न विचारता राहायला आलं होतं.

साक्रीच्या दातांच्या डॉक्टरनं तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि आम्हाला धुळ्याला पाठवलं. धुळ्याच्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. आठवड्यानं आम्ही पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी आधी मला विचारलं, "तंबाखू, गुटखा, मिश्री, यातलं काही खातेस का?" मी मान हलवली. त्याच क्षणी नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोलतेय की नाही हे ते पाहत होते. आमच्या घरात मिश्री होती; माय रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून, कुटून ती पूड दातांना लावायची, गावातल्या निम्म्या बाया लावायच्या. मला तो वासच सहन व्हायचा नाही. डॉक्टर म्हणाले, लहान वयातला हा आजार बहुतेक वेगळ्या जातीचा असतो, पोरीनं काही खाल्लं असेलच असं नाही. तरी परतीच्या एसटीत मायनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "मनी शपथ घी ले." मी शपथ घेतली. त्या क्षणी मला आजाराचं दुःख नव्हतं, कारण आजाराचं नावच मला कोणी सांगितलं नव्हतं. शपथ घ्यावी लागली, याचं दुःख होतं.

आता पन्नाशी आली तरी हे थांबलेलं नाही. मी धुळ्याला ज्या कचेरीत नोकरी केली तिथे एकदा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठरला, आणि एक उत्साही साहेब माझ्या टेबलाशी आले. माझा डावा गाल आत गेलेला आहे, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, काही शब्द नीट उमटत नाहीत. साहेब म्हणाले, "मॅडम, फलकावर तुमचा फोटो लावू या का? लोकांवर परिणाम होईल." मी म्हटलं, मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. ते गोंधळले, माफी मागून गेले. कचेरीच्या फाटकाबाहेर कॉलेजची पोरं पुड्या फाडून तोंडात रिकाम्या करत उभी असतात. त्यांना मी दोन शब्द बोलते, ती ऐकल्यासारखं करतात. पण फलकावर मी गेले नाही.

ऑपरेशन धुळ्यालाच झालं. हिरडीचा आणि गालाचा आतला थोडा भाग काढला, खालच्या दोन दाढा गेल्या. जखम भरल्यावर शेक सुरू झाला. विजेच्या मशीनखाली रोज थोडा वेळ निजायचं, त्याला सगळे शेकच म्हणत. माय आणि मी दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहायचो. दवाखान्यातल्या तंत्रज्ञानं माझ्या गालावर आणि मानेवर जांभळ्या शाईनं रेघा ओढल्या होत्या आणि बजावलं होतं, "या धुवायच्या नाहीत. शेक संपेपर्यंत अशाच राहायला हव्यात. रोज याच जागी किरण पडले पाहिजेत." मी त्या जिवापाड जपल्या. अंघोळ करताना मान एका बाजूला धरायचे, निजताना उजव्या कुशीवर निजायचे. धर्मशाळेतल्या बाया त्या रेघांकडे पाहून नजर फिरवायच्या, पण मला त्यांचा एक प्रकारे अभिमान वाटायला लागला होता. कोणीतरी माझ्यासाठी आखून ठेवलेलं मोठं काम होतं ते, आणि ते पूर्ण करणं माझ्याकडे होतं. दुसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलल्यासारखं झालं, पाणीसुद्धा झोंबायला लागलं, चव गेली. डॉक्टर म्हणाले, हे होणारच, शेक संपला की सगळं परत येईल. ते नानांना बाजूला नेऊन बोलायचे. माझ्याशी बोलताना त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "अर्धं झालं की सांगतो तुला."

अर्धं व्हायच्या आधीच आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खानदेशात तो लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, पोरी आणि बाया दिवस दिवस झोक्यावर असतात, गौराईची गाणी गल्लीगल्लीतून ऐकू येतात. घरोघर आमरस, खापरावरचे मांडे, सांजोऱ्या. नाना धुळ्याला आले आणि म्हणाले, डॉक्टरांना विचारलंय, दोन दिवस घरी चल. मी मायला विचारलं की मग आपण सगळंच सामान का बांधतोय, स्टोव्हसुद्धा. माय म्हणाली, धर्मशाळेत चोऱ्या होतात.

आखाजीच्या सकाळी मायनं मला पाटावर बसवलं, डोक्याला तेल लावलं, आणि ओल्या फडक्याला खोबरेल लावून माझ्या गालावरच्या रेघा पुसायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, अगं, धुवायच्या नाहीत त्या, डॉक्टर रागावतील. ती म्हणाली, "आते काम नही बेटा. डाक्टर बोलनात, तू बरी व्हयनी. आते शेक नही." मी विचारलं, खरंच? ती हो म्हणाली आणि पुसत राहिली. इतक्या हलक्या हातानं तिनं मला कधी न्हाऊ घातलं नव्हतं. शाई सहज निघत नव्हती. तिनं पुन्हा पुन्हा तेल लावलं, आणि मी डोळे मिटून बसले होते, कारण मला आनंदानं रडायला येत होतं. त्या दिवशी झोक्यावर मी इतकी उंच गेले की खालून बायांनी ओरडून मला थांबवलं.

मग लाडाचे दिवस सुरू झाले. मायनं मला पाण्याचा हंडा उचलू दिला नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे जाड पापड, घालायचं काम घरोघर चाललेलं, पहाटेपासून बाया मोठमोठ्या पातेल्यांतलं पीठ घोटत बसायच्या. दर वर्षी मी त्यात असायचे. त्या वर्षी मला सावलीत बसवून शिजलेल्या पिठाची वाटी हातात दिली जायची, वर थोडं तेल घालून. नाना बाजारातून येताना रोज काहीतरी आणायचे. कधी द्राक्षं, कधी मऊ पेढे, एकदा तर साक्रीहून बर्फात घातलेलं आइस्क्रीम, जे घरी येईपर्यंत दूध झालं होतं. माझ्यावर सतत डाफरणारा दिलीप मला सायकल वापरू द्यायला लागला. यावलकडचे माझे मामा-मामी, जे चार वर्षांत फिरकले नव्हते, केळीचा घड घेऊन आले. मामी माझा हात हातात घेऊन बसली आणि उठताना तिनं मला कुंकू लावून पदरानं स्वतःचे डोळे पुसले. मला नवा पंजाबी ड्रेस शिवला, फिकट पिवळ्या रंगाचा, आणि तो घालून नाना मला साक्रीला फोटो काढायला घेऊन गेले. स्टुडिओवाला म्हणाला, जरा या बाजूला वळ, उजवा गाल पुढे कर. एकटीचाच फोटो. मी नानांना म्हटलं, तुम्ही पण बसा ना. ते म्हणाले, तुझाच हवाय.

आणि गंमत अशी की मला रोज बरं वाटत होतं. तोंडातली आग कमी झाली, सोललेली जागा भरत आली, एके दिवशी आमरस खाताना अचानक जिभेवर आंब्याची चव उमटली. मी ओरडूनच मायला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चव परत येत होती ती शेक थांबला म्हणून, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी ती माझ्या बरं होण्याची खूण समजले. पुढे कधीतरी वेणी घालताना कानाखाली बोटाला वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. मायला दाखवलं. ती म्हणाली, "उष्णतानं व्हई. जाई आपोआप." मी ते सोडून दिलं. जिनं सांगितलं ती माझी माय होती.

समोरच्या घरात बांगड्या विकणाऱ्यांचं कुटुंब राहायचं. त्यांची शबाना माझ्या वर्गात होती. बालवाडीपासूनची मैत्रीण, आणि बालवाडीपासूनच आमची रोज भांडणं. त्या उन्हाळ्यात दुपारी आम्ही त्यांच्या ओट्यावर सागरगोटे खेळायचो. सागरगोट्यांत मी कच्ची; ती मला कधी जिंकू द्यायची नाही, वर चिडवायची. आता मात्र मी रोज जिंकत होते. एका दुपारी मी उघड उघड गोटा खाली पाडला, आणि तो पडलाच नाही असं म्हटलं, तिची परीक्षा बघायला. शबाना म्हणाली, ठीक आहे, तुझाच डाव. मला राग आला. मी म्हटलं, तुला दिसलं ना, पडला म्हणून? ती खाली बघत म्हणाली, जाऊ दे. मी गोटे उचलून रस्त्यावर भिरकावले आणि म्हटलं, तुला माझ्याशी नीट खेळायचं नसेल तर मी येत नाही. तेव्हा तिचाही तोल गेला. "मैं क्या करूं? अम्मी बोली, नंदा से झगडा मत कर. वो थोडे दिन की है."

म्हटल्याबरोबर तिनं तोंडावर हात ठेवला. मला आधी अर्थच लागला नाही. थोडे दिवस कुठे? मग मामीचे डोळे आठवले, आणि तो एकटीचा फोटो, आणि त्याच्यावर हार घालून तो भिंतीवर कुठे लागेल हेसुद्धा मला स्वच्छ दिसलं. आमच्या देवघराशेजारी आबांचा फोटो होता, त्याच्या बाजूला एक खिळा मोकळा होता.

आबा नानांचे थोरले भाऊ. ते गालात कायम तंबाखूची गोळी धरून असायचे, आणि मी लहान असताना तोंडाच्या कॅन्सरनंच गेले. नानांनीच त्यांची सेवा केली होती. आबांचे शेवटचे महिने मला फक्त वासानं आठवतात. आम्हा पोरांना त्या खोलीत जाऊ देत नसत.

मी घरी गेले. माय तांदूळ निवडत होती. मी विचारलं, मी मरणार आहे का? तिनं सूप खाली ठेवलं नाही, तांदूळ निवडतच राहिली, आणि तिच्या हातांना काही कळत नसल्यासारखी ती चांगले तांदूळ खड्यांबरोबर बाजूला टाकत होती. मी पुन्हा विचारलं नाही. बाहेरच्या दारानं गिरणीत गेले. नाना दळत होते, दोन बाया डबे घेऊन उभ्या होत्या. मी ओरडून म्हटलं, "माले खरं सांगा. डाक्टर काय बोलनात?" पट्ट्याच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नसेल असं मला वाटलं, पण त्यांनी हात पुढे करून गिरणी बंद केली. पट्टा फटफटत हळूहळू थांबला. त्या बाया डबे तिथेच ठेवून निघून गेल्या. गावात सगळ्यांना माहीत होतं, एका मलाच नव्हतं.

नाना पिठाच्या पेटीवर बसले. म्हणाले, "डाक्टरनी सांगेल शे, पोर लहान शे, शेक पुरा करा, बरी व्हई जाई."

"मंग?"

ते पिठानं भरलेल्या हातांकडे बघत राहिले. "मी आबाना बठ्ठा हाल देखेल शे. त्यालेबी आसंच सांगेल व्हतं. शेक दिधा, चिरं, पुन्हा चिरं. माले तुना तसा हाल देखाना नव्हता. म्हनं, जितला दिन शेत, पोर हसीखुशी राहो."

मी विचारलं, डॉक्टर बरी होईल म्हणाले, तरी? नाना म्हणाले, "माले भरवसा नही वाटना."

या वाक्याशी मी इतकी वर्षं राहते आहे. नाना वाईट नव्हते. हे मी दर वेळी आधी सांगते आणि दर वेळी मला त्याचा राग येतो, कारण ते वाईट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्यावर जीव ओवाळून टाकला असता. पण डॉक्टर त्यांना मी जगेन म्हणत होते आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं आबांचं मरण त्यांना मी मरेन म्हणत होतं, आणि त्यांनी मरणावर विश्वास ठेवला. माझ्या वतीनं, मला न विचारता. मग सगळ्या घरानं मिळून मला निरोप द्यायला घेतला, महिनाभर, आंब्याच्या रसानं आणि मांड्यांनी, आणि तो निरोप आहे हे मला कळू नये म्हणून काळजी घेतली. मी मात्र त्यालाच प्रेम समजून गोळा करत होते. ते प्रेम होतंही. म्हणूनच ते आजपर्यंत घशाखाली उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं शिरा केला होता. मी म्हटलं, नको, भाकरी दे. ती खाल्ली, पायात चपला घातल्या आणि स्टँडवर जाऊन धुळ्याच्या एसटीत बसले. कंडक्टर आमच्याच गावाकडचा, नानांच्या ओळखीचा. त्यानं विचारलं, "कथा जावानं, बाई? कोन शे संगे?" मी म्हटलं, नाना येत आहेत. ते येतील याची मला खात्री नव्हती. माझ्याजवळ तिकिटापुरतंसुद्धा काही नव्हतं. कंडक्टरनं एका पोराला गिरणीकडे पिटाळलं असावं, कारण थोड्या वेळानं नाना स्टँडवर आले, तसेच, पिठानं पांढरे, डोक्याला बांधलेलं फडकं तसंच. खिडकीखाली उभे राहिले. "उतर खाले."

मी नाही म्हटलं.

"नंदा, घर चाल. लोके देखी ऱ्हायनात."

तेव्हा मी, जिला वर्गात उभं राहून कविता म्हणायचीही भीती वाटायची, भरल्या एसटीत मोठ्यानं म्हणाले, "मना शेक अर्धा राहेल शे. माले धुयाले जावानं शे. डाक्टर सांगस मी बरी व्हसू." शेवटचा शब्द फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. पुढच्या बाकावरची एक म्हातारी मागे वळून नानांकडे पाहायला लागली, नुसती पाहत राहिली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. नाना खिडकीची कड धरून उभे होते, आणि क्षणभर मला वाटलं, आता ते हात काढतील आणि एसटी निघून जाईल. मग ते वळले, पुढून चढले, आणि माझ्या शेजारी येऊन बसले. धुळ्यापर्यंत वाऱ्यानं त्यांच्या अंगावरचं पीठ उडून माझ्या पिवळ्या ड्रेसवर बसत होतं. मी ते झटकलं नाही आणि त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

डॉक्टरांनी आधी माझी हनुवटी वर उचलली आणि म्हणाले, "रेघा कुठे गेल्या?" मी सांगितलं. मग त्यांनी कानाखाली बोटं लावली आणि तिथेच ठेवली. ते नानांवर ओरडतील असं मला वाटलं होतं. मला ते हवंही होतं. पण ते फक्त थकल्यासारखे खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच नानांना बाजूला न नेता माझ्यासमोर बोलले. गाठ मानेत उतरलीय. आता पुन्हा ऑपरेशन, या वेळी मोठं; जबड्याचा तुकडा जाईल, मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, आणि मग शेक पहिल्यापासून. मी विचारलं, तेव्हाच पूर्ण केला असता तर हे झालं नसतं? ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "सांगता येत नाही, बेटा. कदाचित तरीही हे झालं असतं." नाना खिडकीकडे तोंड करून उभे होते. मग मी विचारलं, अजून बरी होऊ शकते का? ते म्हणाले, "हो. पहिल्याइतकी सोपी गोष्ट राहिली नाही. पण हो."

त्या 'कदाचित'वर नाना आयुष्यभर टेकून राहिले. मी कधीच टेकू शकले नाही. आरशात हा गाल दिसतो तेव्हा मला दोन चेहरे दिसतात, आणि दुसरा कसा असला असता हे सांगणारं कोणी नाही.

पुढचं सगळं झालं. माय धर्मशाळेत माझ्याजवळ राहिली, नळीतून दूध घालायला शिकली, रात्री माझ्या पायाशी बसून राहायची. तिनं मिश्री सोडली, कोणाला न सांगता; मला वासावरून कळलं. मी तिच्याशी बोलायचे, पण कामापुरतं. शेवटचा शेक झाला त्या दिवशी नाना न्यायला आले, धुतलेला सदरा घालून. मी त्यांना सांगितलं की मी घरी येणार नाही, धुळ्यालाच मुलींच्या वसतिगृहात राहून दहावी करीन. दवाखान्यातल्या एका ताईंनी सोय करून दिली होती. नाना म्हणाले, "घर तुनंच शे." मी म्हटलं, माहीत आहे. त्या घरात पुढे मी पाहुणी म्हणून गेले, दिवाळीला, आखाजीला, कोणाच्या लग्नाला. राहायला कधीच गेले नाही. शबाना मात्र येत राहिली, लग्न होऊन मालेगावला गेल्यावरसुद्धा. तिनं त्या दुपारबद्दल एकदा माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला गप्प केलं. सगळ्या गावात तेवढी एकच माझ्याशी खरं बोलली होती.

दर वर्षी तपासणी व्हायची, मग ती दोन वर्षांनी व्हायला लागली, मग डॉक्टर म्हणाले, आता नाही आलीस तरी चालेल. नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. प्रत्येक वेळी नाना यायचे, आणि निघताना माझ्याकडे असे बघायचे की जणू ही शेवटची भेट. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि डोळे माझ्यावर ठेवले. मला ती नजर ओळखता यायची. त्यांना अजूनही भरवसा वाटत नव्हता. मी समोर जिवंत उभी असताना ते मला निरोप देत होते, आणि काही दिवाळ्या तर मी त्या नजरेपायीच गेले नाही.

माय आधी गेली. नाना म्हातारे होऊन अंथरुणाला लागले तेव्हा दिलीपनं फोन केला, मी रजा काढून गेले. गिरणी आता त्याचा मुलगा चालवतो, यंत्र नवं आहे, भिंत थरथरत नाही. नाना खाटेवर आखडून निजलेले, दात गेलेले, चेहरा ओळखू न येण्याइतका लहान झालेला. त्यांना फक्त पातळ पेज जायची. मी उशाशी बसून चमच्यानं भरवायला लागले. तोंड उघडायला त्यांना त्रास होत होता, आणि घास कोणत्या बाजूनं द्यायचा, किती थांबायचं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. दोन-तीन चमचे झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझे केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय, हे सगळं त्यांना आत्ताच दिसत असावं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं आश्चर्य होतं.

"तू ऱ्हायनी, नंदा," ते म्हणाले.

"डाक्टरनी सांगेल व्हतं, नाना."

ते छताकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग ते हळूच म्हणाले, "सांगेल व्हतं," आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.